लेखणी कोणावरून उचलली आहे?



गेल्या बकरी ईदच्या सकाळची गोष्ट आहे. ईदगाहवर नमाजाची वेळ आठची जाहीर झाली होती, आणि साडेसातला माझा चार वर्षांचा धाकटा मुलगा घराच्या उंबऱ्यात आडवा पडून टाहो फोडत होता. कारण विचाराल तर नवा कुडता. खळीचे कडक कापड, बोटभर उंच कॉलर आणि मानेपाशी शिवलेली कंपनीची चिठ्ठी. आईने कुडता काढला, तरी रडे थांबेना. जुना सदरा पुढे केला, तो त्याने भिरकावला. ती कवेत घ्यायला गेली, तर तिला लाथा. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात असावा, कारण शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. बाहेर गाडीपाशी मस्जिदीचे ट्रस्टी घड्याळ पाहत होते. मी आत गेलो आणि मुलाच्या गालावर चापट मारली.

तो गप्प झाला. मी ईदगाहवर गेलो, नमाज पढवली, खुतबा दिला. त्या दिवशीच्या बयानाचा विषय आठवडाभर आधी ठरला होता: आप्तांशी सद्वर्तन.

नंतर पुष्कळांनी मला धीरच दिला. एकदा चांगली बसली की पोराच्या कायम लक्षात राहते, असे एका वडीलधाऱ्यांनी सांगितले. माझ्या आईने नजर काढली. मुलगा लाडावलेला आहे, यावर घरात जवळजवळ एकमत झाले. मला मात्र रात्री झोप लागेना. मुलगा गप्प झाला हे खरे; पण समजून गप्प झाला की भिऊन? आणि त्या उंबऱ्यात नेमके चुकले कोणाचे? प्रश्न घरगुती दिसतो, पण त्याच्या तळाशी एक मोठा प्रश्न आहे. माणूस आपल्या वागण्याला उत्तरदायी कधी ठरतो, आणि कोणाच्या अपराधाची शिक्षा कोणाला देण्याचा आपल्याला अधिकार आहे?

मदरशात शिकताना जी हदीस आम्ही अनेकदा पाठ म्हणून दाखवली, ती मला त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकू आली. हजरत आयशा (रजि.) आणि हजरत अली (रजि.) यांच्याकडून आलेली व अबू दाऊद यांच्या संग्रहात नोंदलेली ही हदीस सांगते की, कर्मे लिहिणारी लेखणी तिघांवरून उचलण्यात आली आहे: झोपलेला जागा होईपर्यंत, बालक वयात येईपर्यंत आणि वेडा शुद्धीवर येईपर्यंत. फिक्हशास्त्राने या एका वचनावर केवढी इमारत उभी केली आहे! बालकावर रोजा फर्ज नाही, हज फर्ज नाही, त्याच्या हातून कोणाचे नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते, पण पाप लिहिले जात नाही. आम्ही ही कलमे परीक्षेत लिहिली आणि गुण मिळवले. पण वचनाचा दुसरा अर्थ कोणी विचारला नव्हता, मीही नाही. लेखणी मुलावरून उचललेली आहे, बापावरून नाही. त्या सकाळी आमच्या उंबऱ्यात मुलाची किंकाळी कोणत्याही दफ्तरात पाप म्हणून नोंदली जात नव्हती. नोंद होत होती ती माझी.

आपण मात्र नेमके उलटे पाहतो. मुलाचा आकांत हा गुन्हा आणि आपला संताप हा त्याचा स्वाभाविक परिणाम, असे आपण धरून चालतो. ज्याच्यावर जबाबदारी नाही त्याला आरोपी करतो आणि ज्याच्यावर आहे त्याला, म्हणजे स्वतःला, सूट देतो.

येथे भाषेचा थोडा दोष आहे, असे मला मराठीचा जुना विद्यार्थी म्हणून वाटते. मुलाच्या अनावर रडण्यासाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही: भोकाड पसरणे, थयथयाट, आकांडतांडव, आक्रस्ताळेपणा, त्रागा. प्रत्येक शब्दात रडणाऱ्याविषयीचा निवाडा आधीच भरलेला आहे. मोठ्यांना मात्र उमाळा येतो, कढ येतात, गहिवर दाटतो. पाणी तेच, पण डोळा मोठा असला की शब्द सन्मानाचे होतात.

हट्ट आणि हा आकांत यांत फरक आहे, आणि तो ओळखता येतो. हट्टाला काहीतरी हवे असते. हट्टी मूल रडता रडता एका डोळ्याने आपल्याकडे पाहते, आणि वस्तू हाती पडताच गप्प होते. आकांताला काहीही पुरत नाही. आईने भाकरीचा तुकडा मोडून दिला, मुलाला अख्खी हवी होती. दुसरी अख्खी भाकरी आणली, तरी रडे चालूच, कारण आता प्रश्न भाकरीचा उरलेला नसतो. आतले काहीतरी उतू गेलेले असते. चुलीवरचे दूध वर आले की त्याला समजावून ते खाली बसत नाही.

काही मुलांचे दूध लवकर वर येते. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ साली तान्ह्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. मुले जन्मतःच वेगवेगळा स्वभाव घेऊन येतात, हे त्यांनी दाखवले. किती हलक्या स्पर्शाने वा आवाजाने मूल दचकते, त्याची प्रतिक्रिया किती तीव्र असते, नव्या गोष्टीला ते किती चटकन सरावते, अशी नऊ लक्षणे त्यांनी मांडली. त्यांच्या पाहणीत सुमारे दहा टक्के मुले अशी होती की ज्यांना वाढवणे आईबापांना अवघड जाई. त्यांचे महत्त्वाचे सांगणे पुढचे आहे: मूल बिघडते ते नुसत्या स्वभावाने नव्हे, त्याचा स्वभाव आणि घरची वागणूक यांचा मेळ बसला नाही की बिघडते. पुढे इलेन एरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अतिसंवेदनशील माणसांविषयी १९९६ मध्ये आणि अशा मुलांविषयी २००२ मध्ये पुस्तक लिहिले. शंभरातली पंधरा ते वीस माणसे अशी असतात, हा त्यांचा अंदाज. हा आजार नव्हे, घडण आहे, असे त्या सांगतात. मिक्सर सुरू झाला की कान झाकणारे, मोज्याची शिवण बोटाला लागली म्हणून शाळेला न जाणारे, आणि कोंबडी कापताना पाहिली की दोन दिवस न जेवणारे मूल तुमच्या घरात असेल, तर तुम्हाला हे पुस्तकातून कळण्याची गरज नाही.

त्यातच, आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशी ओलांडेपर्यंत पक्व होत राहतो. चार वर्षांच्या मुलाकडे संयम मागणे म्हणजे दुधाच्या दातांना सुपारी फोडायला सांगणे. शरीअतने लेखणी वयात येईपर्यंत थांबवली, ती उगाच नाही.

अशा मुलाचे दुःखही आपल्याला क्षुल्लक वाटते. प्रेषित मुहम्मद (स.) यांना तसे वाटत नसे. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याने एक चिमणीएवढा पक्षी पाळला होता. तो मेला आणि पोरगा खिन्न बसला. प्रेषितांनी (स.) त्याची खिन्नता पाहिली, कारण विचारले, आणि त्या पाखराचे नाव घेऊन, त्याच्या नावाशी यमक जुळवून त्याची विचारपूस केली. मदीनेचा कारभार ज्यांच्या खांद्यावर होता, त्यांना एका पाखरासाठी वेळ होता.

आता मुख्य प्रश्न: आकांत सुरू असताना करावे काय? याचे उत्तर मला बालसंगोपनाच्या प्रकरणात सापडले नाही. ते पाकीच्या, म्हणजे शुद्धतेच्या प्रकरणात सापडले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती घटना आहे. एक खेडवळ अरब मस्जिदे नबवीत आला आणि एका बाजूला लघवीला बसला. सहाबा संतापून त्याच्याकडे धावले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले: त्याला मध्येच तोडू नका, होऊ द्या. तो माणूस मोकळा झाला. मग पाण्याची एक बादली मागवून तेथे ओतली. आणि त्यानंतर त्याला जवळ बोलावून शांतपणे सांगितले की, या जागा अशा घाणीसाठी नाहीत. त्या अल्लाहच्या स्मरणासाठी, नमाजासाठी आहेत.

या घटनेवर फकीहांनी जमीन पाक कशी करावी याचे बारकावे काढले, ते योग्यच आहे. पण क्रमाकडे पाहा. आधी होऊ दिले, मग साफ केले, आणि शिकवण सर्वांत शेवटी. सुरू झालेली गोष्ट अर्ध्यात तोडली असती तर त्या माणसाला इजा झाली असती, कपडे भरले असते, आणि मस्जिदीत एका जागी पडलेले पाणी चार जागी सांडले असते. मुलाचा आकांतही असाच आहे. तो मध्येच तोडायला गेले की पसरतो. ‘रडायचे नाही’, ‘आधी माफी माग’, ‘का रडतोस ते सांग’, ही सगळी वाक्ये त्या क्षणी निरुपयोगी, कारण ऐकणारा जागेवर नसतो. मुलाला आणि इतरांना इजा होणार नाही एवढे पाहावे, धारदार वस्तू बाजूला कराव्यात, गर्दीतून त्याला उचलून आडोशाला न्यावे, आणि जवळ बसावे. स्पर्श नको असेल तर स्पर्श करू नये. आकांतात सुरुवातीला राग वर असतो. तो ओसरला की खाली दुःख उरते आणि मूल आपणहून कुशी शोधते. पाण्याची बादली ती. शिकवण दुपारी, जेवण झाल्यावर, किंवा दुसऱ्या दिवशी. आणि तीही चार वाक्यांची.

येथे काही वाचक म्हणतील, की मग मुलाला मोकाटच सोडायचे का? अजिबात नाही. हजरत हसन (रजि.) लहान असताना त्यांनी सदक्याच्या ढिगातले एक खजूर तोंडात टाकले. प्रेषितांच्या (स.) घराण्याला सदका निषिद्ध होता. नातू लाडका होता, खजूर एकच होते, पण ते तोंडातून थुंकवले गेले आणि कारणही सांगितले गेले. त्यात ना आरडाओरडा, ना चापट, ना तडजोड. निर्णय बदलला नाही, आणि आवाजही चढला नाही. आपल्याला या दोहोंपैकी एकच जमते. एक तर आपण ओरडतो, नाहीतर मोबाइल हातात देतो. मोबाइल दिल्याने मूल थांबते, पण कशाने थांबते हे त्याला कळते, आणि मग उद्या खराखुरा हट्ट जन्माला येतो. खोटे बोलून थांबवणेही तसेच. अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे: एका आईने मुलाला ‘ये, काहीतरी देते’ म्हणून बोलावले, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिला विचारले की काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. तेव्हा ते म्हणाले की काहीच दिले नसतेस, तर तुझ्या नावावर एक असत्य लिहिले गेले असते. बागुलबुवा, पोलीस आणि इंजेक्शनवाला डॉक्टर यांच्या धमक्या देणाऱ्या घरांत किती असत्ये लिहिली जात असतील!

आणखी एक आधार पुढे केला जातो. सात वर्षांच्या मुलाला नमाज सांगा आणि दहाव्या वर्षी न पढल्यास मारा, असे वचन आहे ना? आहे. पण नीट वाचा. दीनचा खांब असलेल्या नमाजासाठीसुद्धा तीन वर्षे केवळ सांगण्याची आहेत. दहानंतरही हनफी फकीहांनी छडी वर्ज्य केली, हाताचे तीन हलके फटके ही सीमा घातली, आणि चेहऱ्यावर मारणे तर हदीसनेच निषिद्ध आहे. नमाजासाठी जे दहाच्या आत चालत नाही, ते कुडत्यासाठी चौथ्या वर्षी चालेल काय? मी चार वर्षांच्या मुलाला, चेहऱ्यावर, कुडत्यासाठी मारले होते.

खरे तर कुडत्यासाठीही नाही. हे कबूल करायला मला बरेच दिवस लागले. बाहेर गाडीपाशी ट्रस्टी उभे होते, दारात शेजारणी होत्या, आणि इमामाच्या घरातले पोर इमामाला आवरत नाही, हे त्यांना दिसत होते. चापट मुलाच्या गालावर पडली, पण मारली होती त्या लोकांना दाखवण्यासाठी. बहुतेक आईबापांनी प्रामाणिकपणे आठवून पाहावे: लग्नाच्या मांडवात, बसस्टँडवर, सासरच्या अंगणात मुलाला जो धपाटा बसतो, तो मुलाच्या चुकीच्या मापाचा असतो की पाहणाऱ्यांच्या संख्येच्या मापाचा? लोकांना दाखवण्यासाठी केलेल्या इबादतीला आपण रिया म्हणतो. लोकांना दाखवण्यासाठी केलेल्या शिक्षेला काय म्हणावे?

नसाई यांच्या संग्रहात नमाजाची एक घटना आहे. प्रेषित (स.) एका नातवाला घेऊन नमाजाला आले आणि इमामत करताना सजदा इतका लांबला की मागच्यांना शंका आली, काही घडले तर नाही ना, किंवा वह्य तर उतरत नाही ना. नमाजानंतर त्यांनी सांगितले की तसे काही नव्हते. नातू पाठीवर चढून बसला होता, आणि त्याचे मन भरण्यापूर्वी त्याला घाई करणे मला आवडले नाही. जमात त्यांच्याही मागे उभी होती, वाचकहो. आणि मुलाचे रडणे कानी आले की आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज आखूड करीत, हेही बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. एका मुलासाठी नमाज लांबली, दुसऱ्यासाठी आखडली. पाहणाऱ्यांसाठी मूल दटावले गेले, असे मात्र कोठे आढळत नाही. आपल्या मस्जिदींत मूल जरा कुरकुरले की सलाम फिरताच चार माना वळतात. ती नजर बापाच्या हाताला बळ देते, याचा हिशेब त्या चार जणांनीही ठेवावा.

रागाविषयी कुरआनात, आले इमरानच्या एकशे चौतिसाव्या आयतीत, राग गिळणाऱ्यांची प्रशंसा आहे. तेथला अरबी शब्द ‘कज्म’ या धातूपासून आला आहे. भरलेल्या पखालीचे तोंड आवळून बांधणे, हा कोशकारांनी दिलेला त्याचा मूळ अर्थ. पखाल रिकामी असती तर बांधण्यात काय मोठेपणा? राग येणे हा दोष नाही. ती काठोकाठ भरलेली असतानाच बांधायची असते. कशी बांधायची, तेही अबू दाऊद यांच्या संग्रहात सांगितलेले आहे: उभे असाल तर बसा, तरीही शमला नाही तर आडवे व्हा. मी हे करून पाहिले. जमिनीवर बसले की दोन गोष्टी घडतात. उगारलेला हात आपोआप खाली येतो, आणि आपले डोळे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला येतात. या दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख मला कोणत्या टीकेत आढळला नाही. ती आमच्या उंबऱ्यात कळली.

आणि जीभ. ‘मरत का नाहीस एकदाचा’ हे वाक्य कोणत्या घरात उच्चारले जात नाही? मुलांविरुद्ध दुआ करू नका, ती घटका कबुलीची निघाली तर, असा इशारा मुस्लिममधील हदीसमध्ये आहे. थकलेल्या आईच्या तोंडून हे निघते. दिवसभर ती एकटीच हे सोसते आणि संध्याकाळी आलेला बाप तिलाच दोष देतो. अशा वेळी बापाने उपदेश करण्याऐवजी मूल अर्धा तास स्वतःकडे घ्यावे.

नजरेविषयी एवढेच सांगतो. मुलांसाठी अल्लाहचा आश्रय मागणे ही सुन्नत आहे, अवश्य मागावा. पण मूल स्वतःचे डोके आपटून घेत असेल, श्वास रोखून निळे पडत असेल, पाच वर्षे उलटूनही आकांत वाढतच असतील, किंवा बोलणे मागे राहिले असेल, तर ताईतावर विसंबून वर्षे घालवू नयेत; बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. उपचार करा, हीही प्रेषितांचीच (स.) आज्ञा आहे.

आता माझे जे अडले आहे ते सांगतो. अल्लाहच्या हक्काचे पाप तौबेने धुतले जाते. माणसाच्या हक्काचे पाप त्या माणसाने माफ केल्याविना सुटत नाही, हे आपण सारे जाणतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी मुलाला मांडीवर घेऊन म्हणालो, अब्बांचे चुकले, माफ कर. तो म्हणाला, “अब्बा, कुडता चावत होता.” थोड्या वेळाने म्हणाला, “माफ.” आणि खेळायला गेला. मला हलके वाटले, पण क्षणभरच. कारण ‘हिदाया’तला हज्रचा, म्हणजे व्यवहारबंदीचा, बाब आठवला. बालकाच्या ज्या व्यवहारात त्याचे निव्वळ नुकसान आहे, तो व्यवहार वैध नाही. त्याने आपली वस्तू कोणाला दान दिली तर ते दान होत नाही. पालकाने संमती दिली तरी होत नाही. मग त्याने आपला हक्क सोडला तर तो सुटेल कसा? लेखणी उचलली म्हणजे त्याचे पाप लिहिले जात नाही, आणि त्याची माफीही लिहिली जात नाही. माझ्या उस्तादांना मी फोनवर विचारले. ते थोडे थांबले आणि म्हणाले, “तो मोठा झाला की पुन्हा विचार. तोवर जिवंत राहण्याची दुआ कर.” ती तारीख मी त्याच्या लसीकरणाच्या कार्डामागे लिहून ठेवली आहे.

यंदा रमजान ईदला त्याच्या आईने कुडता आधी दोनदा धुऊन मऊ केला, चिठ्ठी उसवून काढली, कॉलर नसलेलाच शिवून घेतला. कुडत्याने काही त्रास दिला नाही. साडेसातला नव्या चपलेचा पट्टा टाचेला लागला, आणि उंबऱ्यात तोच टाहो. बाहेर तीच गाडी, तेच ट्रस्टी. मी मुअज्जिनसाहेबांना निरोप पाठवला, की तकबीर चालू ठेवा, मी येतो; आणि शेरवानीसकट खाली बसलो. ईदगाहवर त्या दिवशी नमाज बारा मिनिटे उशिरा झाली. तो अनवाणीच आला.